बटईने वाढवलेली हाडं

निवृत्त माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात, तब्येत कशी आहे आणि वेळ कसा जातो. चंद्रपुरात मला तिसरा विचारतात: रशीदभाऊ, केमिस्ट्रीच्या स्टोअररूममध्ये तुम्ही खरंच कोंबडी बसवली होती का? बसवली होती. चांगली एकवीस दिवस बसली होती. तिचं नाव कबरी, आणि आमच्या कुंदा मॅडमच्या नावाआधी आज जे डॉक्टर लागतं त्यात तिचा मोठा वाटा आहे. संपादकांनी आपणहून लिहायला सांगितलंय, तर एकदाचं सगळं लिहून टाकतो, म्हणजे चहाच्या टपरीवर रोज नव्याने शपथ घ्यायला नको.

मी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होतो. म्हणजे तासाआधी रसायनं मांडायची, तासानंतर फुटलेल्या काचा वेचायच्या आणि मधल्या वेळात पोरांच्या हाताला ॲसिड लागू द्यायचं नाही. घराणं आमचं कल्हईवाल्यांचं. अब्बा भाता घेऊन गावोगाव फिरायचे, नवसागर टाकून काळीठिक्कर पितळी भांडी लखलखीत करायचे. घरोघरी स्टील आलं, तो धंदा बसला आणि मी कॉलेजात चिकटलो. पण कल्हईवाल्याच्या पोराला एक विद्या जन्मभर पुरते. कुठला थर कशावर धरतो आणि कशामुळे सुटतो, हे त्याच्या बोटांना कळतं.

कुंदा मॅडम रसायनशास्त्र शिकवायच्या. आरमोरीकडच्या, धानाच्या शेतकऱ्याची लेक, चाळिशी ओलांडलेल्या, बोलण्याच्या नादात खडू केसांत खोचणाऱ्या. दोन हजार सालाच्या आगेमागे त्यांची पीएचडी चालू होती आणि विषय असा होता की स्टाफरूममध्ये त्यांना ‘हाडवाल्या बाई’ म्हणायचे. विषय सांगतो, घाबरू नका. प्लॅस्टिकमधून वीज जात नाही, म्हणून तर आपण वायरीला प्लॅस्टिक गुंडाळतो. पण एखादं प्लॅस्टिक असंही बनवता येतं की त्यातून वीज वाहते. पायरोल नावाचा एक उग्र वासाचा द्रव असतो. तो पाण्यात मिसळून त्यात विजेची दोन टोकं बुडवली की एका टोकावर काळसर पापुद्रा धरू लागतो. हीच आमची फिल्म. टोक म्हणून वीज वाहणारी काच वापरली की काचेवर पातळ, धुरकट थर बसतो आणि त्यातून आरपार पाहताही येतं.

आता हाडाचं. हाडावर भार पडला की त्यात अगदी बारीक वीज उठते आणि हाडाच्या पेशींना ती जाणवते. मग वीज वाहणाऱ्या या फिल्मवरच पेशी वाढवल्या, त्यांना हलका करंट दिला, तर त्या जोमाने वाढतील का? वाढल्या तर पुढेमागे मोडलेल्या, वाकड्या जुळलेल्या हाडांसाठी काही करता येईल. एवढाच प्रश्न होता, आणि तो सोडवायला मॅडमकडे एक खोली होती, एक जुना मायक्रोस्कोप, एक उबपेटी आणि मी.

शिवाय मुदत होती, आणि ती संपत आली होती. एकदा वाढवून झाली होती, दुसऱ्यांदा वाढणार नव्हती. नागपूरच्या गाईड सरांनी सांगून टाकलं होतं की एप्रिलच्या शेवटी मी स्वतः येऊन मायक्रोस्कोपला डोळा लावीन. फिल्मवर जिवंत, वाढत्या पेशी दिसल्या तर प्रबंध, नाहीतर इतक्या वर्षांचं काम बासनात.

पहिलं भांडण फिल्मशी झालं. काचेवर छान धरायची आणि धुतली की पापडासारखी सुटून तरंगायची. मॅडमनी द्रावण बदललं, करंट बदलला, शेवटी नशिबाला दोष द्यायला लागल्या. मी दोन दिवस गप्प बसून त्यांचे हात पाहिले. काच स्वच्छ धुऊन झाली की त्या अंगठा फिरवून बघायच्या, नीट झाली का. अब्बांनी घासलेल्या भांड्याला कुणी बोट लावलं तर ते चिमटा फेकून मारायचे, कारण बोटाचं तेल लागलं तिथे कल्हई धरत नाही. मॅडमला चिमटा फेकून मारणं शक्य नव्हतं. मी सुटलेली फिल्म उजेडात धरली आणि मधोमध उमटलेला अंगठ्याचा ठसा दाखवला. त्या दिवसापासून काचा धुण्याचं खातं माझ्याकडे आलं आणि फिल्म एकदाही सुटली नाही. हा मोठेपणा सांगतोय हे मला कळतं, पण तीस वर्षांत एकदाच मिळालाय, सांगू द्या.

मग पेशी. पुस्तकातली रीत अशी होती की पंधरा-सोळा दिवस उबवलेलं अंडं फोडायचं, आतल्या पिल्लाच्या कवटीचं कोवळं हाड काढायचं, त्याचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे फिल्मवर ठेवायचे आणि वरून लाल रंगाचं पोषक पाणी घालायचं. दोन-चार दिवसांत कणीच्या कडेने पेशी सरपटत बाहेर येतात. मी लगेच बाजारातून दोन डझन अंडी आणली. हिवाळा होता. उबपेटी लावली, वर तारखेची चिठ्ठी चिकटवली आणि सोळा दिवस आम्ही दोघं त्या पेटीपुढून दबक्या पावलांनी गेलो. सतराव्या दिवशी मॅडमनी हातमोजे घालून पहिलं अंडं फोडलं. आत पिवळं पाणी. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात वास. दोन डझन अंडी फोडून झाल्यावर मी अंडीवाल्याच्या दुकानात भांडायला गेलो.

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "रशीदभाऊ, हे फारमचे अंडे होत. या कोंबड्याईनं कोंबडा फोटोत बी पाह्यला नाई."

परत येऊन मी मॅडमना हे जसंच्या तसं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की खाली फरशीवर बसल्या. इलेक्ट्रॉन कुठून निघतो आणि कुठे जातो हे आम्हा दोघांनाही पाठ होतं. कोंबडा दोघांनाही सुचला नव्हता.

मग गावरान अंडी आणली. तीही वाया गेली, कारण विजेचं आमच्या शहराशी विचित्र नातं आहे. ती इथे तयार होते, इथून सगळीकडे जाते, फक्त इथे थांबत नाही. सहा-सहा तास लोडशेडिंग झालं की उबपेटी थंड आणि आतलं पिल्लू मेलेलं. मार्च उजाडला तसं मॅडमचं हसणं कमी झालं. तेव्हा मीच म्हटलं की लोडशेडिंग नसलेली उबपेटी मला माहीत आहे, चामोर्शीला मिळते.

चामोर्शी माझी सासुरवाडी. सासूचं आठवडी बाजारात बांगड्यांचं दुकान होतं आणि तिची जुनी गिऱ्हाईक म्हणजे जवळच्या खेड्यातली पारबताबाई. धानाची शेती, नवरा, नातवंडं आणि भरपूर कोंबड्या. बाजारात तिला सगळे ओळखायचे ते तिच्या डाव्या मनगटावरून. तरुणपणी बैलबंडीवरून पडली होती, हाड मोडलं, आणि बसवणाऱ्याने असं बसवलं की हात कोपरापाशी निघायचा आणि मनगटापाशी भलतीकडेच वळायचा. त्या हातात बांगडी जायचीच नाही. सासूने मोठ्या मापाच्या, पातळ, सगळ्या करून पाहिल्या होत्या. नवरा धडधाकट असताना एक हात भुंडा, म्हणून लग्नकार्यात बायका तिला टोचून बोलायच्या. ती दुकानात आली की उजवाच हात पुढे करायची.

तिची कबरी तेव्हा नुकतीच खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसली होती. मी काम सांगितलं. कोंबडी विकायला ती तयार नव्हती आणि फुकट नेऊ देणं तिच्या रीतीत बसत नव्हतं. म्हणाली, बटईनं न्या. आमच्याकडे शेळ्या-कोंबड्या अशा बटईने देतात, जनावर एकाचं, सांभाळणारा दुसरा, आणि जी वाढ होईल ती अर्धी-अर्धी. बारा अंडी होती. सहा कॉलेजची, सहा तिची. तिच्या सहांवर तिने कोळशाने रेघ मारली, गाज, म्हणजे वीज, पडली तर अंडी नासू नयेत म्हणून टोपलीत एक लोखंडी खिळा ठेवला आणि मला दोनदा बजावलं की रेघवाल्यांना हात लावायचा नाही. मी जावई माणूस, मान डोलावली.

कबरीला घेऊन मी एसटीने निघालो. अंडी माझ्या मांडीवर, कोंबडी टोपलीत. कंडक्टरने टोपलीत काय आहे म्हणून बोट घातलं, कबरीने त्या बोटाला चोच मारली आणि तो विषय तिथेच संपला. स्टोअररूममध्ये सोडिअमच्या बाटल्यांच्या खालच्या फळीवर तिची टोपली ठेवली. वर ‘हात लावू नये’ अशी पाटी आधीपासूनच होती. प्राचार्य एकदा फेरीला आले, आतून कुककुक ऐकून थबकले. मॅडम म्हणाल्या, जैविक उबपेटी आहे सर. सरांनी छान छान म्हटलं आणि पुढे गेले. मोठ्या माणसांना जैविक शब्द लावला की ते जास्त विचारत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

पंधराव्या दिवशी आम्ही आमची सहा अंडी फोडली. या वेळी सहाही भरलेली होती. इथे मला थोडं थांबायला हवं. आत पिसं फुटू लागलेलं पिल्लू असतं. मॅडमचा हात चालेना. मी मनातल्या मनात अल्लाचं नाव घेतलं आणि चिमटा त्यांच्या हातात दिला. कण्या फिल्मवर ठेवल्या, फिल्मच्या बशा काचेच्या बरणीत ठेवल्या, त्यात मेणबत्ती पेटवून झाकण घट्ट लावलं. मेणबत्ती आतली हवा खाऊन विझते आणि पेशींना लागतो तसा कार्बन डायऑक्साइड मागे ठेवून जाते. मोठ्या लॅबमध्ये याला महागडं यंत्र असतं. आमच्याकडे मेणबत्ती होती.

बरणी उबपेटीत गेली, काटा सदतीसवर, आणि आम्ही मिठाई खाल्ली. तिथेच चुकलो. एप्रिल अर्धा झाला होता, खोली वरच्या मजल्यावर, दुपारी खोलीतच बेचाळीस. जगभर उबपेटी गार खोलीत ठेवून तापवायची असते. आमची पेटी तापवू शकायची, गार करणं तिला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्या पेशी मेल्या. मॅडम मायक्रोस्कोपवरून उठल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. हाताशी दहा दिवस उरले होते आणि टोपलीत सहा अंडी, सगळ्यांवर कोळशाची रेघ.

खरं सांगतो, त्या संध्याकाळी मी मॅडमना म्हटलं की कोळसा पुसता येतो. सहांपैकी दोन नासली म्हणून सांगू, कोंबडीच्या धंद्यात नासतातच. मॅडम म्हणाल्या, "रशीदभाऊ, मग प्रबंधात काय लिहू, पेशी कुठून आणल्या?" ते बोललो याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारबताबाई दारात उभी. आम्ही बोलावलं नव्हतं. कॉलेजात आपल्या कोंबडीला काय खायला घालतात याची तिला काळजी लागली होती. तिने कबरीला पाहिलं, रेघा मोजल्या, सहा भरल्या, समाधान झालं. मग आमची तोंडं पाहून काय झालं विचारलं. मॅडमनी सगळं सांगितलं, फक्त कोळसा पुसायचा सल्ला सोडून. माझी इज्जत राखली.

बाई ऐकत होती. मग तिने आपलं डावं मनगट टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "हे सरळ होईन का त्यानं?"

मॅडमनी ते मनगट दोन्ही हातांत घेतलं. एका अंड्यासाठी हो म्हणणं किती सोपं होतं. त्या म्हणाल्या, "आज नाही होणार, बाई. हे फक्त पहिलं पाऊल आहे. वर्षं लागतील. किती ते मला सांगता येणार नाही."

पारबताबाईने मनगट परत घेतलं. "लागू द्या," ती म्हणाली. "एक घ्या माह्यातलं. पन का होते ते मले दाखवा लागन."

आणि अंडं देऊन ती थांबली नाही, आमची उबपेटी बघून पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, बाप्पा, उन्हाळ्यात आगीच्या पेटीत कोन ठेवते? घरी उन्हाच्या दिवसात ती खुडूक कोंबडीच्या टोपलीखाली ओली रेती घालायची. तेच करा म्हणाली. आम्ही वऱ्हांड्यातला रिकामा रांजण आत आणला, भोवती ओलं पोतं गुंडाळलं, आत नव्या कण्यांची बरणी आणि थर्मामीटर. पोतं चिंब असलं की आत तेहतीस, सुकत आलं की चाळीस. मधला सदतीस पकडायचा म्हणजे लोटाभर पाणी आणि नजर. पहाटे गार व्हायचं तेव्हा आत एक छोटा बल्ब. पुढचे नऊ दिवस मी रांजणासमोर स्टूल टाकून बसलो. अब्बा भट्टीसमोर बसायचे, मी रांजणासमोर, फरक एवढाच की मला कुणी काळं भांडं आणून देत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. मग त्यांनी मला मानेला धरून त्या भिंगावर वाकवलं. कणीच्या कडेने पेशी बाहेर आल्या होत्या, लांबट, टोकदार, एकमेकींना चिकटून. मी रडलो हे लिहायला हरकत नाही, मॅडमही रडत होत्या. मग टॉर्चच्या सेलवरून हलका करंट द्यायला सुरुवात केली. करंट दिलेल्या फिल्मवर पेशी अधिक दाट होत गेल्या. त्याच आठवड्यात कबरीने पाच पिल्लं काढली. केमिस्ट्रीच्या विभागात एका बाजूला हाडं वाढत होती आणि दुसऱ्या बाजूला चिवचिवाट, त्या आठवड्यात मुलांनी एकही तास बुडवला नाही.

गाईड सर ठरल्या दिवशी आले. पारबताबाईही त्याच दिवशी कोंबडी न्यायला आली, कारण मी तिला तोच दिवस कळवला होता. सर खुर्चीत बसून वीस मिनिटं मायक्रोस्कोपमध्ये पाहत होते आणि दोन पिल्लं त्यांच्या बुटाच्या नाड्या ओढत होती. मॅडमच्या केसांत तीन खडू होते. शेवटी सरांनी डोळा काढला आणि विचारलं, तापमान कसं सांभाळलं? मॅडमनी रांजणाकडे बोट दाखवलं. सर उठले, रांजणाला हात लावून आले आणि म्हणाले, लिहायला घ्या.

मग बाईची पाळी. तिला स्टुलावर बसवलं. एक डोळा मिटायला वेळ लागला, मग दिसलं. सरांनी समजावलं की हे तुमच्या अंड्यातल्या पिल्लाचं हाड, ते इथे जिवंत आहे आणि एकाचे दोन, दोनाचे चार होत आहे.

"वाढून राह्यलं?" तिने विचारलं.

"हो, वाढतंय."

"मंग अर्धं माहं," ती म्हणाली. "बटईनं देल्लं होतं."

सर असे हसले की पिल्लं टेबलाखाली पळाली. पण बाई हसत नव्हती. सरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी मॅडमना सांगितलं की काम झालं की यातल्या अर्ध्या काचा यांच्या, नोंद करून द्या. आणि खरोखर, मोजमापं झाल्यावर पेशी रंगवून, सुकवून, फिल्मच्या चार काचा मी स्वतः चामोर्शीला नेऊन दिल्या. सासूने त्या बांगड्यांच्या पुठ्ठ्याच्या डब्यात कापूस घालून पारबताबाईला बांधून दिल्या.

मॅडम डॉक्टर झाल्या. पाचांतला एक कोंबडा मोठा झाला, त्याचं नाव पारबताबाईने डाक्टर ठेवलं होतं, आणि तो मॅडमच्या आधी सहा महिने डॉक्टर झाला हे ती बाजारात सगळ्यांना सांगायची. फिल्मचं मात्र पुढे काही झालं नाही. काही महिन्यांत ती वीज वाहायचं विसरते, ठिसूळ होते, आणि शरीरात घालायची म्हणजे आणखी शंभर अडचणी. दुसरीकडे कुठे कुठे लोक त्यावर काम करत राहिले. आमच्याकडे ती खोली कॉम्प्युटरला गेली. प्रबंध लायब्ररीत आहे, त्यात आभाराच्या पानावर माझं नाव आहे आणि माझ्या नावाच्या वर पारबताबाईचं. कबरीचं टाकू नका असं गाईड सरांनी सांगितलं म्हणून राहिलं.

निवृत्त झालो त्या वर्षी चामोर्शीच्या बाजारात सासूच्या दुकानावर बसलो होतो. दुकान आता मेहुण्याची बायको चालवते. पारबताबाई आली, कंबरेत वाकलेली, नातीचा हात धरून. मला ओळखलं, जवाईबापू म्हणून घरच्यांची विचारपूस केली. मग पिशवीतून तोच बांगड्यांचा डबा काढला. बाजाराला येताना ती तो बरोबर आणते, नात म्हणाली, घरी लेकरं हात लावतील म्हणून. कापसात चारही काचा धड होत्या.

"मॅडमनं म्हनलं होतं, वर्सं लागतीन," ती म्हणाली. "झाले का तेवढे?"

कॉलेजात मी पोरांना हजार उत्तरं दिली असतील. या बाईला खोटं सांगायची एक संधी मॅडमनी त्या दिवशी सोडली होती. मी म्हटलं, "नाही बाई. अजून नाही झाले."

तिने काचा एकेक करून परत कापसात ठेवल्या, डब्याला दोरा गुंडाळला आणि डबा नातीच्या हातात दिला.

"बरं," ती म्हणाली, "मंग बटई चालूच हाय आपली." आणि बांगड्या भरायला तिने उजवा हात पुढे केला.